ड्यूनाला जायचे तर किती इंधन?

रॉकेट कार्यक्षम आहे असे कधी म्हणायचे? कमी वजनात पोहोचले तर, कमी पैशात पोहोचले तर, की लवकर पोहोचले तर? 'कर्बल स्पेस प्रोग्राम' हा संगणकावरचा खेळ खेळणाऱ्यांमध्ये या प्रश्नावर दशकाहून अधिक काळ वाद चालू आहे. मे महिन्यात मुंबई-पुण्याहून मालवणला आलेली मुले आणि इथली मुले एका लॅपटॉपभोवती जमली की तोच वाद मालवणीत ऐकू येतो. "अजून दोन बूस्टर लाव मरे," असे एकाचे म्हणणे. "मेल्या, आधी वजन कमी कर," असे दुसऱ्याचे. दोघांच्याही मागे रॉकेटशास्त्रातली एकेक जुनी विचारसरणी उभी आहे, हे त्यांना बहुधा ठाऊक नसते. त्या विचारसरण्या कोणत्या, त्यांतले काय पटण्याजोगे ठरले आणि काय अजून लोंबकळते आहे, याचा हा आढावा.

खेळ आणि त्यामागचे गणित

मेक्सिको सिटीतल्या 'स्क्वॉड' या जाहिरात क्षेत्रातल्या कंपनीत फेलिपे फलांगे या प्रोग्रॅमरने हा खेळ रचला. 24 जून 2011 रोजी त्याची पहिली आवृत्ती लोकांच्या हाती आली आणि 27 एप्रिल 2015 रोजी 1.0 ही पूर्ण आवृत्ती. यात कर्बिन नावाच्या ग्रहावर राहणारे छोटे हिरवे जीव अवकाशयाने बांधतात. टाक्या, इंजिने, पंख, पाय हे सुटे भाग खेळाडूने जोडायचे आणि यान उडवायचे. सूर्यमाला कल्पित असली तरी ओळखीची वाटते: मंगळाच्या जागी ड्यूना, शुक्राच्या जागी ईव्ह, गुरूच्या जागी पाच उपग्रहांचा जूल.

गणित मात्र कल्पित नाही. कॉन्स्टँटिन त्सिओल्कोव्हस्की यांनी 1903 साली प्रसिद्ध केलेले रॉकेटचे समीकरण खेळात जसेच्या तसे लागू होते. यानाचा वेग किती बदलता येईल, म्हणजे खेळाडूंच्या भाषेत 'डेल्टा-व्ही' किती, हे दोन गोष्टींवर ठरते: इंजिन इंधनाचा किती चांगला वापर करते (विशिष्ट आवेग, जो सेकंदांत मोजतात) आणि भरलेल्या यानाचे वजन रिकाम्या यानाच्या किती पट आहे. खोल समुद्रात चार दिवसांसाठी निघालेल्या ट्रॉलरवर डिझेल आणि बर्फ जास्त भरावा लागतो, आणि ते जास्तीचे ओझे ओढायला आणखी थोडे डिझेल लागते. ट्रॉलरला ही वाढ सोसते. रॉकेटच्या बाबतीत ती घातांकाने चढते, आणि सगळ्या भांडणाचे मूळ तिथे आहे.

सुरुवातीच्या वर्षांत खेळ हा आकडा दाखवतच नसे. 'कर्बल इंजिनियर' किंवा 'मेकजेब' यांसारखी खेळाडूंनीच लिहिलेली जोडसॉफ्टवेअर वापरा, नाहीतर कागद-पेन्सिल घ्या, नाहीतर उडवून बघा. डिसेंबर 2018 च्या 1.6 या आवृत्तीपासून प्रत्येक टप्प्याची डेल्टा-व्ही पडद्यावरच दिसू लागली. माझ्या मते या वादाच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा बदल. तोवर 'माझे रॉकेट चांगले' हे सांगायला यान पोहोचल्याचा पुरावा लागे. आता बांधतानाच आकडा समोर ठेवता येतो. कर्बिनभोवतीच्या खालच्या कक्षेत जायला साधारण 3,400 मीटर प्रतिसेकंद, तिथून ड्यूनाची वाट धरायला हजाराच्या थोडे वर, हे आकडे मुलांना पाढ्यांसारखे पाठ असतात.

जमिनीवरून उठताना

पहिला वाद उड्डाणाचा. रिकामी झालेली टाकी पुढे वाहून नेण्यात अर्थ नसतो, म्हणून रॉकेटचे टप्पे करतात, इथवर सर्वांचे एकमत. टप्पे एकावर एक रचायचे की शेजारी शेजारी लावायचे, यावर दोन तट पडले.

शेजारी लावणाऱ्यांची आवडती युक्ती म्हणजे 'ॲस्परॅगस स्टेजिंग'. मध्यभागी एक रॉकेट आणि त्याभोवती जोड्याजोड्यांनी आणखी रॉकेटे असतात. सगळ्यांची इंजिने एकदम पेटतात, पण इंधन नळ्यांनी बाहेरून आत वाहते. त्यामुळे सर्वांत बाहेरची जोडी आधी रिकामी होऊन गळून पडते आणि आतल्या टाक्या त्या क्षणीही काठोकाठ भरलेल्या असतात. एकही इंजिन फुकट वाहिले जात नाही. कागदावर यापेक्षा सरस रचना सापडणे कठीण.

1.0 येण्यापूर्वी खेळातली हवा शिऱ्यासारखी घट्ट होती आणि यानाच्या आकाराला तिच्या हिशेबात जवळपास किंमतच नव्हती. त्यामुळे थाळीसारखी पसरट ॲस्परॅगस रॉकेटेही सुखाने वर जात. 1.0 ने वायुगतिकी सुधारली, नाकावर बसवायची आवरणे आणली, आणि पसरट रॉकेट वाटेत उलटू लागले. तेव्हापासून उंच, सडपातळ, दोन-तीन टप्प्यांच्या रॉकेटची बाजू भक्कम झाली. ॲस्परॅगसवाले संपलेले नाहीत. फार जड यानासाठी, विशेषतः ईव्हच्या दाट वातावरणातून परत उठण्यासाठी, ते आजही तीच पद्धत वापरतात, आणि तिथे त्यांना खोडून काढणे अवघड आहे.

खऱ्या जगात ही युक्ती अजून उडालेली नाही. स्पेसएक्सने 2011 मध्ये फाल्कन हेवीसाठी असे इंधन-वहन जाहीर केले होते. 6 फेब्रुवारी 2018 रोजी ते रॉकेट प्रत्यक्ष उडाले तेव्हा त्यात ही सोय नव्हती. नळ्या, झडपा आणि उड्डाणात त्या सुटण्याची भानगड इतकी की मिळणारा फायदा त्यात विरून जातो. आपल्याकडच्या पीएसएलव्हीत तर प्रश्नच उद्भवत नाही. तिचे बूस्टर घन इंधनाचे, आणि घन इंधन नळीतून वाहत नाही. मात्र पीएसएलव्हीच्या 'एक्सएल' प्रकारात सहापैकी चार बूस्टर जमिनीवर पेटतात आणि दोन उड्डाणानंतर हवेत. सगळा जोर एकदम लावू नये, हा तोच विचार वेगळ्या मार्गाने आलेला.

घन इंधनाबद्दल खेळाडूंमध्ये एक प्रकारची तुच्छता आहे. एकदा पेटले की विझवता येत नाही, विशिष्ट आवेग कमी, म्हणून 'नवशिक्यांचे इंजिन'. भारतीय अवकाश कार्यक्रमाचा इतिहास हे मत तपासून पाहायला लावतो. पुण्यात जन्मलेले डॉ. वसंत गोवारीकर यांचे मुख्य काम घन इंधनावरचे. 1979 ते 1985 या काळात ते विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक होते. पीएसएलव्हीचा पहिला टप्पा 139 टन घन इंधनाचा आहे. त्यावर द्रव, मग पुन्हा घन, मग पुन्हा द्रव अशी चढती रचना. जमिनीपासून उठताना काटकसरीपेक्षा दांडगा जोर महत्त्वाचा असतो आणि तो घन इंधनातून स्वस्तात मिळतो. खेळाच्या 'करिअर' प्रकारात जुलै 2014 पासून पैशाचा हिशेब आला, तेव्हा अनेक खेळाडू याच निष्कर्षावर येऊन थांबले.

इंजिन: ओझे किती, यावर सगळे

कक्षेत पोहोचल्यावर खरी आंतरग्रही काटकसर सुरू होते. इथे तीन इंजिनांचे तीन पक्ष आहेत. 'टेरियर' हे साधे रासायनिक इंजिन: वजन अर्धा टन, विशिष्ट आवेग 345 सेकंद. 'नर्व्ह' हे अणुऊर्जेवरचे: वजन 3 टन, विशिष्ट आवेग 800 सेकंद. दोघांचाही जोर सारखाच, 60 किलोन्यूटन. आणि 'डॉन' हे आयन इंजिन: वजन पाव टन, विशिष्ट आवेग 4,200 सेकंद, पण जोर फक्त 2 किलोन्यूटन.

नर्व्हचा आकडा दुपटीहून मोठा, तेव्हा नर्व्हच लावावे असे बहुतेकांना वाटते. म्हणून एक हिशेब करून पाहू. खेळातली टाकी आठ टन इंधनामागे एक टन वजनाची असते. यानाला 2,000 मीटर प्रतिसेकंद डेल्टा-व्ही हवी आहे असे धरू. वर न्यायचे सामान 2 टन असेल, तर टेरियर लावलेले यान सुमारे 5 टनांचे होते आणि नर्व्ह लावलेले जवळजवळ 6.7 टनांचे. म्हणजे अणुइंजिन इथे तोट्याचे. सामान 5 टन झाले की दोन्ही याने 11 टनांच्या आसपास येतात, नर्व्ह किंचित हलके. सामान 20 टन असेल तर टेरियरचे यान 41 टनांवर जाते आणि नर्व्हचे 31 टनांच्या आत राहते. लहान यंत्रयानाला रासायनिक, माणसे आणि तळ घेऊन जाणाऱ्या जहाजाला अणू, असा निवाडा या आकड्यांतून निघतो, आणि जाणत्या खेळाडूंमध्ये आज त्याबद्दल फारसे दुमत नाही.

दुमत आहे ते वेळेबद्दल. त्या 31 टनी यानाला ड्यूनाची वाट धरायला साधारण साडेआठ मिनिटे इंजिन चालू ठेवावे लागते. कर्बिनभोवतीच्या खालच्या कक्षेत एक फेरीच सुमारे 31 मिनिटांची. म्हणजे फेरीचा चौथ्याहून जास्त भाग इंजिन जळतच राहणार, आणि त्यातला बराच जोर चुकीच्या दिशेला वाया जाणार. यावर एका पक्षाचा उपाय: इंजिने वाढवा. दुसऱ्याचा: एकच लांब जाळ न करता दोन-तीन फेऱ्यांत वाटून करा. हा दुसरा उपाय आपल्याकडे एका खऱ्या यानाने पार टोकाला नेला. त्याकडे पुढे येऊ.

आयन इंजिनाच्या पक्षाची गंमत अशी की तो आकड्यांत नेहमी जिंकतो आणि प्रत्यक्षात क्वचितच खेळला जातो. पाच टनांच्या यानाला 2,000 मीटर प्रतिसेकंद वेग द्यायला डॉन इंजिन सव्वा तासाहून जास्त घेते. या खेळात इंजिन चालू असताना वेळ चौपटीपेक्षा जास्त पळवता येत नाही, तेव्हा खेळाडूला वीसेक मिनिटे पडद्याकडे नुसते बघत बसावे लागते. आणि तरीही खेळाने या इंजिनावर मेहेरनजरच केलेली आहे: नासाच्या 2007 साली निघालेल्या 'डॉन' यानाच्या आयन इंजिनाचा जोर न्यूटनच्या दशांशाइतकाही नव्हता. खेळातले इंजिन त्याच्या वीस हजार पटींहून जोरकस आहे.

वाट आणि मुहूर्त

वॉल्टर होमान या जर्मन अभियंत्याने 1925 सालच्या पुस्तकात दाखवले की एका वर्तुळाकार कक्षेतून दुसरीत जायला दोन्हींना स्पर्श करणारी अर्धी लंबवर्तुळाकार वाट साधारणपणे सर्वांत कमी इंधनाची. या वाटेला मुहूर्त लागतो. ड्यूना कर्बिनच्या सुमारे 44 अंश पुढे असताना निघायचे. तसा योग आपल्या दिवसांच्या हिशेबाने साधारण 227 दिवसांनी येतो. पृथ्वी-मंगळाचा असा योग सुमारे 26 महिन्यांनी येतो. हर्मान ओबर्ट यांनी 1929 साली मांडलेला मुद्दाही याला जोडून येतो: तेवढेच इंधन यान सर्वांत वेगात असताना, म्हणजे ग्रहाच्या अगदी जवळून जाताना जाळले, तर त्यातून जास्त ऊर्जा पदरात पडते.

या दोन्ही सूत्रांची भारतीय परीक्षा म्हणजे मंगळयान. 2010 मध्ये जीएसएलव्ही या दुसऱ्या भारतीय प्रक्षेपकाची दोन उड्डाणे फसली होती. 15 ऑगस्ट 2012 रोजी मंगळ मोहीम जाहीर झाली तेव्हा भरवशाचा प्रक्षेपक एकच होता, पीएसएलव्ही. वालचंदनगरच्या कारखान्यात तिच्या मोटरची आवरणे बनत, विक्रोळीच्या गोदरेजमध्ये द्रव इंधनाची इंजिने. पण 1,337 किलोचे यान थेट मंगळाकडे भिरकावण्याची ताकद तिच्यात नव्हती. तेव्हा 5 नोव्हेंबर 2013 रोजी तिने ते 248 बाय सुमारे 23,550 किलोमीटरच्या लांबट कक्षेत सोडून दिले. पुढचे काम यानाच्या स्वतःच्या 440 न्यूटनच्या इंजिनावर. इतक्या वजनाला इतका जोर म्हणजे पृथ्वीच्या गुरुत्वाच्या तिसाव्या भागाइतके त्वरण; खेळातल्या कुठल्याही खेळाडूने अशा यानाला नावे ठेवली असती.

उपाय तोच, जाळ वाटून घेण्याचा. दर वेळी यान पृथ्वीजवळ आले की इंजिन चालवायचे आणि कक्षेचे दुसरे टोक आणखी लांब ढकलायचे. ठरवलेल्या पाचपैकी 11 नोव्हेंबरचा एक प्रयत्न अपुरा पडला, म्हणून दुसऱ्या दिवशी एक जादाचा करावा लागला. 1 डिसेंबरच्या पहाटेआधी सुमारे 22 मिनिटे इंजिन चालवून यानाने पृथ्वीची पकड सोडली. त्या जाळात मिळालेला वेग 648 मीटर प्रतिसेकंद होता. 24 सप्टेंबर 2014 रोजी ते मंगळाच्या कक्षेत शिरले. मोहिमेचा खर्च सुमारे 450 कोटी रुपये.

त्याच योगावर नासाचे मेव्हन यानही निघाले होते. 2,454 किलोचे हे यान ॲटलस-5 रॉकेटने 18 नोव्हेंबरला थेट मंगळाच्या वाटेला लावले. फेऱ्या नाहीत, वाट पाहणे नाही. मंगळयानाच्या तेरा दिवस मागून निघून ते दोन दिवस आधी पोहोचले. यातले जास्त कार्यक्षम कोणते? मोठ्या रॉकेटचे पैसे मोजणाऱ्याला मंगळयान. पोहोचवलेल्या उपकरणांचे वजन आणि मंगळाजवळच्या उपयोगी कक्षेची किंमत करणाऱ्याला मेव्हन: मंगळयानाची मंगळाभोवतीची कक्षा दूरच्या टोकाला 77 हजार किलोमीटरपर्यंत ताणलेली होती, कारण ती लहान करण्याइतके इंधन त्याच्याकडे नव्हते. दोन्ही उत्तरे प्रामाणिक आहेत. मराठी वर्तमानपत्रांत त्या वेळी फक्त पहिलेच छापून आले, हे मात्र नोंदवले पाहिजे.

मंगळयानाच्या मुहूर्ताची आणखी एक गोष्ट समुद्राकाठच्या वाचकाला जवळची वाटेल. उड्डाण आधी 28 ऑक्टोबरला ठरले होते. पीएसएलव्हीचा शेवटचा टप्पा दक्षिण पॅसिफिकवर असताना त्याचे संदेश पकडायला शिपिंग कॉर्पोरेशनची 'नालंदा' आणि 'यमुना' ही दोन जहाजे नेमली होती. खराब हवामानामुळे नालंदा वेळेत जागेवर पोहोचली नाही, आणि मंगळाचा मुहूर्त आठवडाभर पुढे गेला. खेळात असे जहाज पाठवावे लागत नाही.

ग्रहांच्या गुरुत्वाचा धक्का घेऊन वेग मिळवण्याची वाट ही होमानच्या पुढची पायरी. मायकल मिनोविच यांनी 1961 मध्ये तिचे गणित मांडले आणि 1974 मध्ये मरिनर-10 शुक्राच्या आधाराने बुधापर्यंत गेले. खेळात जूलकडे थेट जाण्याऐवजी ईव्हला आणि पुन्हा कर्बिनला वळसा घालून जाणारे बरेच आहेत, आणि जूलशी पोहोचल्यावर टायलो या जड चंद्राजवळून जाऊन जवळपास फुकटात वेग उतरवणे ही जाणत्यांची खूण मानली जाते. विरोधी मत सरळ आहे: वाचलेल्या इंधनापेक्षा वाट आखण्यात गेलेली संध्याकाळ महाग. वातावरणात शिरून वेग मारणे ही तिसरी युक्ती 1.0 मध्ये तापमानाचा हिशेब आला तेव्हापासून जोखमीची झाली. जूलच्या बाबतीत ती जवळपास बाद ठरली, ड्यूनाच्या बाबतीत अजून चालते.

इंधन वाटेत मिळाले तर

डिसेंबर 2012 च्या 0.18 आवृत्तीत दोन याने कक्षेत जोडण्याची सोय आली आणि 1.0 मध्ये खाणकामाची. त्यामुळे 'सगळे जमिनीवरून नेलेच पाहिजे' हे गृहीतच डळमळले. एक पक्ष म्हणतो, रिकामे यान वर न्या, चार फेऱ्यांत टँकरने भरा. दुसरा म्हणतो, मिनमस या चिमुकल्या चंद्रावर खनिज काढा, तिथेच इंधन बनवा. गुरुत्व इतके कमी की वर उठायला काही लागत नाही. तिसरा म्हणतो, ड्रिल, शुद्धीकरणाचे यंत्र आणि रेडिएटर धरून जे पाच-दहा टन ओझे होते, त्यात इंधनच नेले असते तर एका फेरीच्या मोहिमेला पुरले असते. एकच मोहीम असेल तर तिसरा बरोबर, दहा असतील तर दुसरा.

खऱ्या जगातली मजल यापेक्षा फार मागे आहे. नासाच्या पर्सिव्हरन्स गाडीवरच्या 'मॉक्सी' यंत्राने 2021 ते 2023 या काळात मंगळाच्या हवेतून एकूण 122 ग्रॅम प्राणवायू बनवला. इस्रोने स्पेडेक्स मोहिमेत दोन याने अवकाशात जोडली ती 16 जानेवारी 2025 रोजी. दोन्ही गोष्टी शक्य आहेत एवढे सिद्ध झाले. त्या परवडतात की नाही, ते अजून कोणाला मोजता आलेले नाही.

खेळाचा तराजू

या सगळ्या निष्कर्षांना एक आक्षेप लागू होतो, आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. खेळ काही गोष्टी फुकट देतो आणि काही महाग करतो, त्यामुळे त्यातली कार्यक्षमता त्याच बाजूला झुकते.

कर्बिनची त्रिज्या 600 किलोमीटर, पृथ्वीच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी, पण पृष्ठभागावरचे गुरुत्व पृथ्वीइतकेच. म्हणून कक्षेत जायला 3,400 पुरतात, जिथे पृथ्वीवर सुमारे 9,400 लागतात. एकाच टप्प्यात कक्षेत जाऊन परत येणारे विमान-रॉकेट खेळात हौशी मुलेही बांधतात. पृथ्वीवरून तसे अजून कोणी गेलेले नाही. उलट खेळातल्या टाक्या खऱ्यापेक्षा कितीतरी जड ठेवल्या आहेत, म्हणजे एका हाताने दिलेले थोडे दुसऱ्या हाताने काढूनही घेतले आहे.

वेळ फुकट आहे. मूळ खेळातले कर्बल जेवत नाहीत, पाणी पीत नाहीत, आजारी पडत नाहीत; तीन वर्षांची संथ वाट आणि सहा महिन्यांची घाईची वाट यांत त्यांना फरक पडत नाही. इंधन उडून जात नाही. नर्व्ह इंजिनाला खेळात साधे द्रव इंधन चालते. अमेरिकेने 1973 मध्ये बंद केलेल्या 'नर्व्हा' प्रकल्पातल्या अणुइंजिनाला अतिथंड हायड्रोजन लागे, आणि तो महिनोन्‌महिने टाकीत टिकवणे ही स्वतंत्र डोकेदुखी आहे. खेळातले इंजिन हवे तितक्या वेळा विझते आणि पेटते. मंगळयानाचे मुख्य इंजिन मात्र जवळजवळ 300 दिवस निजून होते. ते पेटेल की नाही या शंकेने 22 सप्टेंबरला चार सेकंदांची चाचणी घेतली गेली, आणि न पेटल्यास आठ छोट्या थ्रस्टरवर काम भागवण्याची तयारी ठेवली होती. इंधन इंजिनाकडे ढकलायला टाकीत दाबाखाली भरलेला वायू लागतो, बहुधा हेलियम; खेळात तोही नाही. आमच्या जिल्ह्यातल्या वाचकाला याची खास रुखरुख वाटावी: 18 ऑगस्ट 1868 च्या ज्या खग्रास ग्रहणात हेलियमची पिवळी रेषा नजरेस आली, त्याचा पट्टा विजयदुर्गावरून गेला होता आणि किल्ल्यावरचे, त्या ग्रहणाच्या निरीक्षणाशी जोडले जाणारे 'साहेबाचे ओटे' आजही दाखवले जातात.

गुरुत्वाचा हिशेबही सोपा केलेला आहे. एका वेळी यानावर एकाच खगोलाचे ओढणे चालते. हद्द ओलांडली की दुसऱ्याचे सुरू. त्यामुळे दोन ओढींचा तोल साधणारे बिंदू मूळ खेळात अस्तित्वातच नाहीत. इस्रोचे आदित्य-एल1 जिथे 6 जानेवारी 2024 पासून फिरते आहे, तशी कक्षा तिथे बांधता येत नाही. कोरियाच्या दानुरी यानाने 2022 मध्ये सूर्याच्या ओढीचा उपयोग करत चंद्र गाठला. इंधन वाचवणारी ती संथ वाटही खेळाच्या नकाशात बसत नाही.

महाग काय आहे? सुटे भाग. यानात जितके भाग जास्त, तितका संगणक दमतो. चारशे भागांचे ॲस्परॅगस रॉकेट भारी यंत्रावर कसेबसे चालते; वर्गात मिळालेल्या किंवा भावाने वापरून दिलेल्या लॅपटॉपवर ते पावलापावलाने सरकते, आणि जूनच्या पावसात वीज गेली आणि बॅटरी दगा देऊन बसली तर शेवटचे सेव्ह केल्यापासूनचे सगळे पुन्हा. अशा ठिकाणी वाढणारी मुले कमी भागांत काम भागवायला आपोआप शिकतात. त्यांची रॉकेटे टनाच्या हिशेबात उधळी आणि भागांच्या हिशेबात काटकसरी असतात. या निकषाची दखल चर्चेत फारशी घेतली जात नाही. मला तो इतरांइतकाच खरा वाटतो.

जे सुटलेले नाही

कार्यक्षमता मोजायची एकच पट्टी असावी का, यावर मतभेद कायम आहेत. कक्षेतल्या टनांवर मोजणारे, खर्ची पडलेल्या पैशांवर मोजणारे आणि परत मिळालेल्या भागांवर मोजणारे एकाच रॉकेटला तीन वेगळे गुण देतात. खेळाच्या पैशांच्या नियमात तळाजवळ सुखरूप उतरलेल्या भागाची जवळपास पूर्ण किंमत परत मिळते, म्हणून विमान-रॉकेटे तिथे अजिंक्य ठरतात. खऱ्या जगात परत आलेल्या टप्प्याला तपासणी आणि डागडुजीचा खर्च असतो, आणि तो खेळात धरलेला नाही.

खेळातून शिकलेले प्रत्यक्षात किती उतरते, हाही प्रश्न उघडाच आहे. 2014 मध्ये नासाच्या सहकार्याने खेळात लघुग्रह पकडण्याची मोहीम आली, तेव्हा शिक्षणाच्या अंगाने बरीच आशा व्यक्त झाली. कक्षेची जाण या खेळाने पक्की होते, हे कोणी नाकारत नाही. वेग वाढवण्यासाठी आधी खाली यावे लागते, हे पुस्तकातून पटायला महिना लागतो आणि इथे एका दुपारी पटते. पण बिघाड, उष्णता, दाब, संदेशवहन आणि हजार माणसांचे एकमेकांशी जुळवून घेणे या गोष्टी त्यात नाहीत. अभियंता घडतो तो बहुतेक त्यांतच.

दुसऱ्या खेळाकडून काही उत्तरांची अपेक्षा होती. 'कर्बल स्पेस प्रोग्राम 2' 24 फेब्रुवारी 2023 रोजी अपूर्णावस्थेत विक्रीला आला. त्यात इंजिन चालू असताना वेळ वेगाने पळवता येत होती, म्हणजे आयन इंजिनाविरुद्धचा जुना आक्षेप निघून गेला असता. 2024 मध्ये त्याचे काम थांबले. आता भिस्त पहिल्या खेळावर खेळाडूंनी स्वतः लिहिलेल्या जोडण्यांवर आहे. खरी सूर्यमाला आणि खऱ्या इंजिनांचे आकडे आणणाऱ्या जोडण्या आहेत. अनेक खगोलांचे ओढणे एकाच वेळी मोजणारी 'प्रिन्सिपिया' आहे. कर्बलांना अन्न-पाणी लावणाऱ्याही आहेत. त्या चढवल्या की वर मांडलेले बरेच निवाडे उलटतात: हायड्रोजन टिकत नाही म्हणून अणुइंजिनाचा फायदा आटतो, अन्नाचे वजन धरल्यावर घाईची वाट परवडू लागते, आणि एका टप्प्याचे विमान-रॉकेट जमिनीवरच राहते. मात्र या सगळ्या जोडण्या एकदम चालवायला जो संगणक लागतो, तो सुटीत मालवणात जमणाऱ्या मुलांपैकी फार थोड्यांकडे असतो.